घरबसल्या परदेशवारीबद्दल आभार

हिज एक्झाल्टेड हायनेस मीर उस्मान अली खान, माजी निजाम, हैदराबाद, यांच्या सेवेशी कन्नड तालुक्याहून कुर्निसात.

हुजूर, ऑगस्ट आला की आमच्या परदेशातल्या पोरांचे फोन सुरू होतात. दुबईतला सांगतो, पंधरा तारखेला इथं सुट्टी नसते, ड्यूटीआधी धावतपळत कॉन्सुलेटात झेंडावंदन उरकलं. न्यूयॉर्ककडचा सांगतो, आमची परेड रविवारी, कारण सवड त्याच दिवशी. मग दोघंही उसासा टाकतात: सणाच्या दिवशी मायदेशात नसणं काय असतं, तुम्हाला नाही कळायचं!

आम्हाला नाही कळायचं? अहो, आमच्या अख्ख्या तालुक्याने देशाचा पहिलाच स्वातंत्र्यदिन परदेशात काढलाय, तोही उंबरठा न ओलांडता. पासपोर्ट नाही, तिकीट नाही. जून १९४७ मध्ये आपण स्वतंत्र राहण्याचं फर्मान काढलंत आणि आम्ही जागच्या जागी अनिवासी झालो. १५ ऑगस्टला भारत औट्रम घाटात संपत होता. खाली चाळीसगाव, म्हणजे खानदेश, मुंबई इलाखा, तिरंगा. वर कन्नड, आणि आपला आसफजाही झेंडा.

परदेशात जे जे लागतं ते आपण आधीपासूनच पुरवलं होतंत. नाणं वेगळं: आमचा हाली शिक्का, घाटाखाली कलदार. टपालाची तिकिटं वेगळी. घरात मराठी, कचेरीत उर्दू. कस्टमची उणीव भासू नये म्हणून हद्दीवर करोडगिरीचे नाकेही. लेक घाटाखाली दिलेली असली, तर तिचं माहेरही परराज्यातच की! पुढे जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत आले, म्हणजे वकिलातीचीही सोय झाली.

झेंडावंदनाचं तेवढं जमलं नाही. दुबईत तिरंगा लावल्याबद्दल आमच्या पोराला कुणी धरून नेत नाही. आपल्या राजधानीत मात्र स्वामी रामानंद तीर्थांनी १५ ऑगस्टच्या पहाटे सुलतान बाजारात तो फडकवला आणि त्यांची रवानगी तुरुंगात झाली. पाहुणचाराचं खातं कासिम रझवींच्या रझाकारांकडे होतं. रझवींचा उत्साह असा, की ते आसफजाही झेंडा लाल किल्ल्यावर लावायची भाषा करत. जमलं असतं तर दिल्लीकरांनाही फुकटात परदेश घडला असता. हैदराबादने भारतात सामील व्हावं असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये ठार मारलं गेलं. इथे मला थट्टा सुचत नाही, हुजूर.

परतीचा प्रवासही आम्हाला करावा लागला नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य निघालं, १७ ला आपण शरण आलात, आणि देशच घाट चढून आमच्याकडे आला. एकूण मुक्काम तेरा महिने दोन दिवस.

आपली कमाल मात्र पुढेच आहे. २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झालं तेव्हा हैदराबाद राज्याचे राजप्रमुख कोण? आपणच! १९५६ पर्यंत. आम्हाला परदेशी करणारे आपण, आणि आम्ही मायदेशी परतलो तर दारात यजमान म्हणूनही आपणच उभे. असा टूर ऑपरेटर पुन्हा होणे नाही.

तर आता एकच अर्ज. फर्मानांचा आपला हात बसलेलाच आहे. आणखी एक काढा, पुण्या-मुंबईच्या नावे. स्वातंत्र्यदिन कधी असतो, असं कन्नडच्या माणसाला विचारलं आणि त्याने १५ ऑगस्टच्या जोडीला १७ सप्टेंबरही सांगितला, तर त्याची चूक दुरुस्त करायला जाऊ नये. त्याचं बरोबर आहे.

आपला,
एक माजी अनिवासी कन्नडकर