भिंगरी, बाठा आणि मिठाचा हत्ती

(कोकणातली दोन घरं, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. अलीकडे काकी, मुंबईची नातवंडं सुट्टीला आल्यामुळे आनंदात आणि टेकीला आलेल्या. पलीकडे ताई; अंगणवाडीत सेविका होत्या, आता निवृत्त. जेवणं आटोपून भांडी पालथी घातली आहेत.)

काकी : अगो ताई, आहेस का पडवीत? ये जरा इकडे. एक सांगायचंय, सकाळपासून पोटात राहत नाहीये.

ताई : आले, आले. आमसुलं उलटून टाकत होते उन्हात. काय हो झालं?

काकी : खालच्या आळीतल्या वैनी देवळात भेटल्या. त्यांचा नातू नाही का शहरात, पाच वर्षांचा? त्याच्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा होती. पोराच्या आईनं रात्र जागून अख्खं गाव उभं केलं. पवनचक्की काय, विहीर काय, दिवेसुद्धा लागत होते म्हणे! पहिला नंबर.

ताई : बरं झालं की मग.

काकी : पुढचं ऐक तर. बक्षीस देताना पाहुण्या बाईंनी विचारलं, “बाळा, हे सगळं तू कसं केलंस?” तर पोरगा म्हणतो, “मी झोपलो होतो.”

ताई : अगोबाई! खरं बोलला हो लेकरू. बक्षीस पोराच्या कपाटात आणि जागरण आईच्या डोळ्यांत.

काकी : हसू नकोस. माझ्याकडेही तेच चाललंय. सुनेनं पोरांबरोबर एक खोका पाठवलाय. सगळं कापून, भोकं पाडून, नंबर घालून तयार. एकावर एक चिकटवायचं, दोनावर दोन. धाकटीनं आणि थोरल्यानं मिळून चहा उकळेपर्यंत संपवलं, आणि लगेच “आजी, आता काय करू?” चारशे रुपयांचा खोका गो!

ताई : त्यात पोरांनी करायचं काही ठेवलेलंच नसतं. विचार कारखान्यात झाला, कापाकापी यंत्रानं केली. पोरांच्या वाट्याला उरला डिंक.

काकी : मग मी काय देऊ त्यांना? तू आयुष्यभर तीन ते सहाची पोरं सांभाळलीस. सांग काहीतरी.

ताई : तुमच्या अंगणात काय कमी आहे? झावळ्या पडल्यात, करवंट्यांचा ढीग आहे, बाठे तर रोज निघतायत. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची साधनं महाग पडायची. मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आमची अंगणवाडी त्याच वाटेनं आलेली.

काकी : झावळीची भिंगरी मलाही येते हो. परवा केली की. पण आमचे हे! थोरला पाती गुंतवत बसला होता, ह्यांनी त्याच्या हातातून ओढून घेतली. “तशी नाही, अशी.” एक केली, दुसरी केली, बघता बघता ओळीनं मांडल्या. पोरगा केव्हा उठून मोबाइल घेऊन बसला, ह्यांना पत्ता नाही.

ताई : काकांना मजा आली ना पण?

काकी : आली तर! रात्री झोपेतही पात्या वळत होते बहुतेक.

ताई : मग काकांना वेगळं काम द्या. जिथे सुरी, विस्तव, खिळा लागतो ते त्यांचं. बाकी जे आहे ते पोरांचं, मग वाकडं होवो की तिकडं. तुमची धाकटी केवढी?

काकी : साडेतीन.

ताई : तिला भिंगरी वळायला देऊ नका, रडकुंडीला येईल. तिला फाडायला द्या. जुनी वर्तमानपत्रं, रंगीत जाहिराती. फाडायचं, चुरगाळायचं, खळ लावून चिकटवायचं. चिमटीत धरून कागद फाडणं हा तिच्या बोटांचा व्यायाम आहे, उद्या पेन्सिल त्याच बोटांनी धरायचीय. थोरला सहाचा ना? तो दोन पात्या एकमेकींत अडकवील. हीर तुम्ही काढून द्या. पहिली गाठ सैल पडेल, पडू दे.

काकी : सैल पडली तर भिंगरी फिरायची नाही.

ताई : मग तोच विचारील का फिरत नाही म्हणून. आणि एक गंमत करा. भिंगरी झाली की दुपारी त्याला पुळणीवर न्या आणि गप्प उभ्या राहा. माडांकडे धावला तर भिंगरी मरगळेल, समुद्राकडे धावला तर गरगरेल. दिवसा वारा समुद्रावरून येतो, हे तो पायांनी शिकेल. रात्री वारा उलटतो, तेही एकदा दाखवा.

काकी : आणि ह्यांना काय काम देऊ म्हणालीस?

ताई : करवंट्यांना भोकं पाडायचं. दोन सारख्या करवंट्या, प्रत्येकीला काठाशी तीन भोकं, सुंभ ओवायचा आणि काठीच्या दोन टोकांना टांगायच्या. काठीला मधोमध दोरी. झाला तराजू. दोरी नेमकी कुठे बांधली की काठी आडवी राहते, ते पोरांनाच सरकवून सरकवून शोधू दे. मग चिंचोके विरुद्ध शिंपले, खडे विरुद्ध सुपाऱ्या. बाजार मांडतील बघा, तुमची अख्खी दुपार निघेल.

काकी : चिंचोके कशाला, काजूच्या बिया पडल्यात ना ढीगभर.

ताई : छे छे, त्या नकोत! सालीतला चीक उततो. आणि गुंजा तर अजिबात नकोत. लाल-काळ्या, दिसायला गोजिऱ्या, पण चावून पोटात गेल्या तर विषारी. धाकटीच्या हाती चिंचोकेसुद्धा तुमच्या डोळ्यांसमोरच. ह्या वयात जे हातात येतं ते नाकात जातं.

काकी : खरंय बाई. आमच्या नणंदेच्या मुलानं लहानपणी नाकात वाटाणा घातला होता. डॉक्टरकडे नेईस्तोवर फुगला.

ताई : म्हणून सांगते. बाठ्याला ती भीती नाही, गिळता येत नाही. रायवळचा बाठा चोखून झाला की धुवायचा, रेषा उलट्या विंचरायच्या आणि आठ दिवस उन्हात टाकायचा. दाढीवाला म्हातारा तयार! कोळशानं डोळे काढायचे, खाली काठी खोचायची.

काकी : आमच्या लहानपणी बाठ्याची पिपाणी करायचो आम्ही.

ताई : ती पावसाची. पाऊस पडून बाठा रुजला की आतली कोय काढून दगडावर घासायची. तुमची पोरं तोवर परत जातील. आता पातीची पिपाणी करा, पण जेवणं झाल्यावर देऊ नका कोणाच्या हातात. मला वामकुक्षी लागते.

काकी : बरं, खळीचं सांग. आमचे हे खळीत मोरचूद घालतात. वह्यांना पुठ्ठे चढवायचे ना पूर्वी.

ताई : बाइंडिंगला ठीक, कीड लागत नाही. पोरांच्या खळीत मोरचूद म्हणजे विष. मोठा चमचाभर मैदा अर्ध्या वाटी पाण्यात कालवायचा, गाठी मोडायच्या आणि मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचा. दोन दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या, नवी करा.

काकी : आणि रंग? त्या खोक्यातले सांडून संपले. नवी चादर गेली माझी.

ताई : रंग स्वयंपाकघरात आहेत. हळद पाण्यात कालवून कागदावर पसरा आणि वाळू द्या. पिवळाधमक कागद झाला? आता कपड्याच्या साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर रेघ ओढायला सांगा.

काकी : लाल होईल की! हळदीच्या डागाला साबण लावला की होतो तसा.

ताई : बरोबर. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळा. पोरांना वाटतं आजीला जादू येते. जास्वंदीची पाकळी कागदावर घासा, जांभळट रंग येईल. लिंबू लावलं की गुलाबी. फक्त साबणाचा हात डोळ्याला लागू देऊ नका. आणि भेंडीचे देठ टाकू नका, त्यांचे ठसे उठवा. आपल्या गावठी भेंडीला धारा जास्त, फूल जास्त पाकळ्यांचं येतं. मोजायला सांगा.

काकी : तुला हे सगळं सुचतं कसं गो?

ताई : निम्मं पोरांनी शिकवलं, निम्मं अरविंद गुप्तांनी. पुण्याच्या आयुकात मुलांसाठी विज्ञानाचं केंद्र आहे ना, तिथे टाकाऊतून खेळणी करायचे ते. 2018 साली पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या, एवढ्यावर त्यांचं सगळं. गुल खरवडून टाकायचा आणि ट्यूबमध्ये काड्या खोचायच्या. त्रिकोण केला तर हलत नाही, चौकोन केला तर लगेच कलंडतो. थोरल्याला दोन्ही करायला सांगा आणि मग घराच्या छपराच्या कैच्या दाखवा. त्रिकोणच त्रिकोण सापडतील.

काकी : हे ह्यांना सांगायला हवं. नाहीतर रविवारपर्यंत अख्खं कौलारू घर उभं करतील काड्यांचं.

ताई : करू दे की, त्यांच्या वेगळ्या काड्यांचं! काकांनी शेजारी बसून स्वतःचं करावं. मोठं माणूस आपल्या कामात रमलेलं दिसलं की पोरंही रमतात. अंगणवाडीत मी हेच करायची. त्यांच्या चित्राला हात लावायचा नाही, हातात माझं काहीतरी ठेवायचं. नाहीतर दुरुस्त करायला शिवशिवतात हो बोटं.

काकी : माझी शिवशिवली ना काल! धाकटीनं मैद्याचा हत्ती केला. दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, लागेल तसं पाणी. हे मागे तूच सांगितलेलंस. हत्तीला पाच पाय. मी म्हटलं, “अगो, एक जास्त झाला.” तर म्हणते, “तो बसायचा पाय आहे.”

ताई : बघा! तोडला असतात तर हत्ती उभाच राहिला असता जन्मभर.

काकी : पण ह्या सगळ्या पसाऱ्याचं करायचं काय? ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. परवा सावंतवाडीची आमची भाची आली होती. तिचं माहेर चितारआळीच्या जवळ, घरात लाकडी खेळणी कशी रांगेत मांडलेली. आमची ओटी बघून म्हणाली, “मावशी, बाजार उठलाय का?”

ताई : म्हणू दे. चितारआळीतल्या कारागिरांचे हातही एकदा तीन वर्षांचे होतेच. पसाऱ्यासाठी एक फळी ठरवा. तिच्यावर मावेल तेवढंच राहील. नवं आलं की जुनं कुठलं काढायचं, ते पोरांनी ठरवायचं. पातीच्या वस्तू तशाही वाळतात, त्या माडाच्या आळ्यात टाका.

काकी : आणि तो हत्ती? त्यात एवढं मीठ आहे, झाड जळायचं.

ताई : माडाला मीठ चालतं हो, तुम्हीच नाही का रोप लावताना खड्ड्यात घालत? जास्वंदीच्या मुळाशी तेवढा टाकू नका. आणि ठेवणारच असाल तर डब्यात घट्ट बंद करा. पावसाची हवा लागली की घाम सुटतो त्याला.

काकी : टाकतेय कुठली! हत्ती मुंबईला जायचाय. खिडकीची जागा लागणार म्हणे त्याला. चल, करवंट्या काढते. आणि हे बघ, खालच्या आळीतल्या वैनींचा नातूही येतोय सोमवारी. पाठवू का इकडेच?

ताई : पाठवा की. आईला मात्र घरीच ठेवा म्हणावं. बिचारीची झोप राहिलीय.