विष घेताना पावती घ्या

अमेरिकी सैन्यात भरती व्हायचं ठरवलंत? छान. वय अठरा, छाती रुंद, फुप्फुसं स्वच्छ. भरती करून घेणारा सार्जंट तुम्हाला कॉलेजची फी, घरासाठी कर्ज आणि जग बघायची संधी याबद्दल भरभरून सांगेल. चाळीस वर्षांनी तुम्ही खोकत खोकत व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याच्या, दारात अपंगत्वाचा भत्ता मागायला उभे राहाल, तेव्हा काय काय लागेल हे तो सांगणार नाही. ते काम आमच्याकडे.

नवशिके आधी युद्ध निवडतात आणि त्यातून मिळेल तो आजार निमूटपणे घरी आणतात. इथेच घोटाळा होतो. आधी कायद्यातली यादी वाचा, त्यातला झेपेल असा आजार पसंत करा आणि मग तो कुठल्या देशात, कुठल्या तारखांना आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर मिळतो ते पाहून नाव नोंदवा.

१. नाव असलेलं विषच घ्या.

निनावी विषाला कोणी विचारत नाही. या बाबतीत एजंट ऑरेंजला तोड नाही. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशकं फवारली. त्यातल्या सर्वाधिक वापरलेल्या मिश्रणाच्या पिंपांवर नारिंगी पट्टा होता, म्हणून हे नाव. मिश्रणात डायॉक्सिन होतं. ते पट्ट्यावर लिहिलेलं नव्हतं.

१९९१च्या कायद्याने एक सोय केली: तुम्ही व्हिएतनाममध्ये होता आणि तुमचा आजार यादीत आहे, तर तो फवारणीमुळेच झाला असं सरकार गृहीत धरतं. ‘गृहीत धरणं’ ही या सगळ्या कारभारातली एकमेव माणुसकीची जागा, आणि ती मिळवायला पुरेसे लोक आधी आजारी पडून, बरेचसे मरून, आकडेवारीत जमा व्हावे लागतात. त्यामुळे घाई करू नका. मधुमेह यादीत आला २००१ साली. पार्किन्सन्स आणि हृदयविकार २०१०, मूत्राशयाचा कर्करोग २०२१, रक्तदाब २०२२. तुमचा रक्तदाब १९७५ सालीच वाढला असेल तर सत्तेचाळीस वर्षं दम धरा आणि त्या काळात रक्तदाब वाढू देऊ नका. क्लोरॅक्नेच्या पुळ्यांचं मात्र उलट आहे: त्या फवारणीनंतर वर्षाच्या आत उठायला हव्यात. पुळ्यांना तसं बजावून ठेवा.

२. ओल्या मातीत पाय टाका.

नौदलात जाणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ जहाजावर वर्षभर काढलंत, पदक मिळवलंत, तरी तुम्ही ‘व्हिएतनाममध्ये’ होता असं व्हीए बरीच वर्षं मानत नसे. त्यासाठी जमिनीला पाय लागायला हवा होता, नाहीतर आतल्या नदीत तरी शिरायला हवं होतं. दानांगच्या बंदरात नांगर टाकलात? ते बंदर समुद्राकडे उघडं, म्हणजे धरलं जाणार नाही. २००८ साली न्यायालयानेही व्हीएचीच बाजू उचलून धरली. विषाला ही हद्द माहीत नव्हती. ते नद्यांतून समुद्रात आलं, आणि जहाजं समुद्राचंच पाणी ऊर्ध्वपातन करून पिण्यासाठी वापरत. त्या प्रक्रियेत डायॉक्सिन निघून न जाता उलट अधिक दाट होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ सालीच दाखवलं होतं. पण ते ऑस्ट्रेलियाचं पाणी.

तेव्हा जहाज थांबलं की कप्तानाला विनंती करा, छोटी होडी घ्या, किनाऱ्यावर जा, एक पाऊल चिखलात रुतवा आणि कोणाला तरी फोटो काढायला सांगा. मागे नारळाचं झाड येऊ द्या. फोटोवर तारीख हवी. गोळीबार चालू असेल तर थोडं थांबा, तोही फोटोत घेता आला तर उत्तम.

२०१९ साली न्यायालयाने आणि पाठोपाठ संसदेने ही अट काढली, आता किनाऱ्यालगतचे बारा सागरी मैल चालतात. तेराव्या मैलावर वारा कितीही मनापासून वाहत असला तरी खोल श्वास घेऊ नका.

ज्यांची बदली थायलंडच्या हवाई तळांवर झाली त्यांना अनेक वर्षं कुंपणाजवळ ड्युटी केल्याचं सिद्ध करावं लागे, कारण फवारणी कुंपणालगत होई असा समज. स्वयंपाकी असाल तर भाजी कुंपणाशी बसून चिरा. उत्तर कॅरोलायनातल्या लेजून छावणीत पाणी प्यायचं असेल तर ते ऑगस्ट १९५३ ते डिसेंबर १९८७ यांच्या दरम्यान आणि एकूण किमान तीस दिवस प्या. त्या पाण्यात ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचं रसायन आणि बेंझीन होतं. एकोणतिसाव्या दिवशी बदलीचा हुकूम आला तर साहेबांच्या हातापाया पडा आणि एक ग्लास आणखी मागा.

३. फाईल सांभाळा. आडनावही.

सैनिकाच्या आयुष्याचा पुरावा म्हणजे त्याची फाईल, आणि फाइली एकाच ठिकाणी ठेवल्या की सापडायला सोप्या. म्हणून त्या सेंट लुइसच्या सरकारी इमारतीत एकत्र ठेवल्या होत्या. १२ जुलै १९७३ रोजी तिथे आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली गेल्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती, कोणकोणत्या फाइली होत्या याची सूचीही नव्हती. १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ऐंशी टक्के नोंदी जळाल्या. हवाई दलात आग वर्णानुक्रमे लागली: १९४७ ते १९६४ दरम्यान सुटलेल्यांपैकी ‘हबर्ड’च्या पुढच्या आडनावांना ती भोवली, तीनचतुर्थांश फाइली खाक. अॅडम्स, बेकर, क्लार्क सुखरूप. विल्सन असाल तर भरतीआधीच आडनाव बदलून घ्या, खर्च फार येत नाही.

कोणी म्हणेल, फाईल नसली तर नसो, तोंडाने सांगू. अणुचाचण्यांच्या सैनिकांनी तेही करून पाहिलं असतं, पण त्यांचं तोंड सीलबंद होतं. १९४५ ते १९६२ या काळात दोन लाखांहून अधिक सैनिक नेवाडाच्या वाळवंटात आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर स्फोटांच्या आसपास उभे केले गेले आणि गुप्ततेच्या शपथेत बांधले गेले. काही कर्करोग किरणोत्सर्गामुळे झाले असं गृहीत धरणारा कायदा आला १९८८ साली. शपथेतून सुटका झाली १९९६ साली. मधल्या आठ वर्षांसाठी आमचा सल्ला असा की डॉक्टरांना खाणाखुणांनी समजवा. हात वर करून, बोटं पसरून, छत्रीसारखा आकार करता येतो.

४. निदान होऊ देऊ नका.

आखाती युद्धाचे उमेदवार इकडे या. तुमच्यासाठी १९९४ साली खास कायदा झाला: इराक-कुवेतहून परतल्यावर अंग दुखतं, आठवण राहत नाही, पोट बिघडतं, आणि कारण कोणालाच सापडत नाही, तर भत्ता मिळेल. अट एवढीच, की कारण खरंच सापडता कामा नये. एखाद्या हुशार डॉक्टराने सांध्यांच्या दुखण्याला नेहमीचं नाव दिलं की तो ‘निदान न झालेला आजार’ राहत नाही आणि तुमचं दार बंद होतं. फायब्रोमायाल्जियासारखी दोनतीन धूसर नावं चालतात, बाकी नाही. तेव्हा डॉक्टर बेताच्याच बुद्धीचा निवडा. हुशार डॉक्टर ओळखायची खूण: तो प्रश्न विचारतो.

मार्च १९९१मध्ये खामिसियाला अमेरिकी सैनिकांनी इराकचा दारूगोळ्याचा साठा उडवला. त्यात सारिन हा विषारी वायू होता, हे पेंटॅगॉनने १९९६ साली कबूल केलं आणि मग सुमारे लाखभर सैनिकांना पत्रं गेली की तुम्हाला किंचित लागलं असण्याची शक्यता आहे, काळजी नसावी. हे पत्र मिळालं तर जपून ठेवा. ज्याच्या हाती सरकारने स्वतःहून विषाची पावती दिली असा माणूस विरळा. तरीही फार हुरळून जाऊ नका: सरकारच्याच लेखापरीक्षकांना २०१५ सालच्या आखाती आजारांच्या दाव्यांत मंजुरी दिसली ती जेमतेम सतरा टक्के.

५. धुराची यादी करा.

इराकमधल्या बलाद तळावर सुमारे दहा एकरांचा कचऱ्याचा खड्डा होता. त्यात टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, प्लास्टिकच्या बाटल्या, जेवणाच्या थर्मोकोलच्या थाळ्या, दवाखान्यातला कचरा आणि शौचकूपातला मैला हे सगळं विमानाचं इंधन ओतून रात्रंदिवस जाळलं जाई. धूर काळा, कधी हिरवट. सकाळी उशीवर काजळी आणि रुमालात काळा कफ. त्या खोकल्याला सैनिक ‘इराकी क्रड’ म्हणत आणि नव्या आलेल्याला सांगत, होईल सवय.

तुम्ही सवय करून घेऊ नका. खड्ड्याच्या काठावर वही घेऊन बसा. मंगळवार, दुपारी तीन, वारा वायव्येकडून, जळत आहे: दोन टायर, एक ट्रक बॅटऱ्या, बाकी ओळखू येत नाही. खाली सार्जंटची सही घ्या, तो खोकून मोकळा झाला की. हे केलं नाही म्हणूनच २००७ ते २०२० या काळात या खड्ड्यांच्या धुरावरून आलेल्या दाव्यांपैकी अठ्ठ्याहत्तर टक्के फेटाळले गेले. धूर कोणाच्या छातीत किती गेला हे मोजायचं यंत्र कोणाच्या गळ्यात अडकवलं नव्हतं, आणि न मोजलेलं विष कागदावर शून्य धरतात. मध्यंतरी, २०१४ साली, व्हीएने धूर लागलेल्यांसाठी एक नोंदवही उघडली. तिच्यात शंभरावर प्रश्न होते. ते सगळे भरून झाल्यावर कळे की हा दाव्याचा अर्ज नव्हे.

२०२२ साली या धुराचे आजारही गृहीत धरणारा पॅक्ट कायदा आला. सिनेटने जूनमध्ये तो ८४ विरुद्ध १४ मतांनी मंजूर केला, जुलैच्या अखेरीस किरकोळ दुरुस्तीनंतर परत आला तेव्हा त्यातल्याच काहींनी तो अडवला, आणि माजी सैनिक कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर उन्हापावसात मुक्कामाला बसले. काही ऑक्सिजनची नळी लावून. २ ऑगस्टला ८६ विरुद्ध ११. या पायरीसाठी साहित्य: घोंगडी, छत्री, आणि कॅमेरे बरोबर आणू शकणारा एखादा प्रसिद्ध विनोदी नट. त्यांना जॉन स्टुअर्ट मिळाला, तुमचा तुम्ही शोधा.

६. डॉक्टरांकडून नेमकं वाक्य लिहून घ्या.

आजार यादीत नसेल तर डॉक्टरांचं पत्र लागतं. ‘सेवेमुळे असू शकतं’ असं लिहिलं तर अर्ज बाद, ‘असू शकतं’ ही अटकळ झाली. ‘नक्की त्यामुळेच’ असं कुठलाही डॉक्टर लिहीत नाही. मंत्र मधे आहे: शक्यता निदान पन्नास टक्के तरी आहे. पन्नास टक्क्यांना संशयाचा फायदा तुम्हाला, एकोणपन्नासला त्यांना.

मग व्हीए तपासणीला बोलावते, बहुधा कंत्राटी डॉक्टरकडे. आत शिरताच तो पडद्यावरून नजर न काढता विचारेल, “कसे आहात?” खबरदार. आईवडिलांनी लावलेलं वळण इथे घात करतं. “बरा आहे, तुम्ही?” म्हणालात की संपलं, ते टाइप होतं. मग तो नळी देईल आणि म्हणेल फुंका, जोरात, अजून, अजून. सैन्याने तुम्हाला शिकवलेलं असतं की सांगितलं ते जिवाच्या आकांताने करायचं. फुंकाल, डोळ्यांपुढे काजवे चमकतील, आणि त्या एका फुंकेच्या आकड्यावर तुमच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरेल.

७. गणित विसरा.

टक्केवारी दहाच्या पटीत मिळते. शून्य टक्केही मिळतात: आजार आहे, सेवेमुळे आहे, हार्दिक अभिनंदन, पैसे नाहीत. एकापेक्षा जास्त आजार असतील तर बेरीज करू नका, ती चुकेल. फुप्फुसाचे ५० आणि गुडघ्याचे ३० म्हणजे ८० नव्हे. पन्नास टक्के माणूस फुप्फुसात गेला, उरला अर्धा, त्या अर्ध्याचे तीस टक्के पंधरा, एकूण ६५, पूर्णांकात ७०. चाळीस आणि चाळीस मिळून ६४, म्हणजे ६०. दहा टक्क्यांचे दहा आजार गोळा केलेत तर एकूण ७०. आणि नव्वदला पोहोचलेल्याला आणखी चाळीस टक्क्यांचा आजार झाला तर ९४, म्हणजे पुन्हा ९०. तो आजार तुम्हाला सरकारतर्फे मोफत.

८. नकार आला तर.

येईल. तीन वाटा आहेत: नवा पुरावा जोडून पुन्हा अर्ज, वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, किंवा मंडळाकडे अपील. पुरावा नवा हवा, आणि तुमचा भूतकाळ तर जुना. वाटेत ‘आम्ही शंभर टक्के मिळवून देतो’ म्हणणारे दलाल भेटतील, वाढलेल्या भत्त्याचे काही महिने फी म्हणून मागतील. अर्ज भरायला माजी सैनिकांच्या संघटना फुकट मदत करतात, म्हणून दलालांचं दुकान त्यांच्यापेक्षा चकचकीत असतं. अर्जदारांमध्ये एक म्हण आहे: टाळा, नाकारा, मरायची वाट बघा.

९. मेलात तर.

प्रकरण बंद होत नाही. पत्नीला तुमच्या जागी अर्जदार होता येतं, तेव्हा हा भाग फाडून तिला द्या.

वहिनी, मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढंच लिहू देऊ नका. डॉक्टर घाईत असतील तरी थांबवा आणि मूळ आजाराचं नाव घालून घ्या, यादीत आहे त्याच शब्दांत, एक अक्षर इकडेतिकडे नको. खड्ड्याच्या काठावरची ती वही सापडली तर जोडा. फॉर्म २१पी-०८४७, मृत्यूच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत. नात्याच्या पुराव्यासाठी लग्नाचा दाखला लागेल. काळ्या शाईत भरा.