मंजुरी कुणाची?

चहाच्या पुड्याबरोबर फुकट मिळालेला चमचा दुकानदाराला परत करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर आमचे नाना तुम्हाला माहीत नाहीत. "मी चहा मागितला. चमचा मागितला होता?" दुकानदार म्हणतो, "अहो, स्कीम आहे!" नाना म्हणतात, "मग तेवढे पैसे कमी करा." उभी हयात सरकारी हिशेबतपासणीत गेलेली. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते.

अशा माणसाच्या घरी मुलानं विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर आणून ठेवला. नानांनी तो वापरण्याआधी तपासायला घेतला. स्टार्ट मेन्यूत अगदी वर, इंटरनेटच्या खालोखाल, आउटलुक एक्स्प्रेस.

"हे काय?"

"ई-मेलचं आहे, नाना."

"माझी मेल तर ब्राउझरमध्ये उघडते."

"हो, पण हे विंडोजबरोबरच येतं."

झालं. चमचा सापडला.

कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोजचे घटक काढायची यादी असते. तिथली टिकमार्क नानांनी पुसली, आयकॉन गेला. दुसरा कुणी इथंच थांबला असता. नाना यादीखालचा बारीक मजकूर वाचायला परत गेले. तिथं स्वच्छ लिहिलं होतं की यानं फक्त स्टार्ट मेन्यू आणि डेस्कटॉपवरून जाण्याची सोय निघते. "म्हणजे दारावरची पाटी काढली, बिऱ्हाड आत तसंच!"

बिऱ्हाड प्रोग्राम फाइल्समध्ये सापडलं. मुख्य फाइलीचं नाव 'एमएसआयएमएन'. हा प्रोग्राम १९९६ साली 'इंटरनेट मेल अँड न्यूज' होता, पुढच्याच वर्षी आउटलुक एक्स्प्रेस झाला. फाइल मात्र जुन्याच आद्याक्षरांवर राहिली. नाव बदललं, दप्तरी नोंद जुनीच, असा शेरा नानांच्या वहीत पडला.

मग त्यांनी ती फाइल डिलीट केली, रीसायकल बिन रिकामा केला आणि चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवेपर्यंत फाइल जागेवर. पुन्हा डिलीट, पुन्हा हजर. काकूंना व्हायरसची शंका आली. प्रत्यक्षात ही विंडोजची राखण होती, विंडोज २००० पासून चालत आलेली. एकेक प्रोग्राम येऊन सिस्टीमच्या फाइली परस्पर बदलून जायचा नि सगळं कोसळायचं. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची जादा प्रत 'डीएलएल-कॅश' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि मूळ फाइल गेली की गुपचूप परत आणायची. व्यवस्था तशी शहाणपणाची. मी ती नानांना नीट समजावली. त्यांनी त्यातला 'गुपचूप' एवढाच शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी आधी लपवलेली प्रत उडाली, मग मूळ फाइल. आता पडद्यावर पाटी आली: विंडोज एक्सपीची सीडी घाला. सीडी कपाटात होती, बिलासकट. नानांनी 'कॅन्सल' दाबलं. पाटीनं पुन्हा विचारलं, मूळ फाइली नकोत, हे नक्की ना?

"आणताना माझी सही लागली नाही," नाना म्हणाले, "काढताना मात्र हवी!" आणि सही केल्याच्या थाटात त्यांनी 'येस' दाबलं.

पुढं एखाद्या पानावरच्या ई-मेल पत्त्यावर क्लिक केलं की काहीतरी अडायचं. नाना पत्ता पेन्सिलीनं कागदावर उतरवून घ्यायचे आणि ब्राउझरमध्ये टाइप करायचे. चेहऱ्यावर समाधान केवढं!

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचे अपडेट थांबले, तेव्हा मुलानं विंडोज ७ घालून दिलं. "नाना, यात मेलचा प्रोग्रामच नाही. हवा असेल तर वेगळा उतरवून घ्यायचा." खरंच तसं होतं. मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे नानांच्या आयुष्यभराच्या मागणीप्रमाणेच. पण नानांचा चेहरा उतरला. जेवणात लक्ष लागेना, असं काकू सांगत होत्या.

मग एका संध्याकाळी त्यांची हाक आली. लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय त्यांनी चालू केला होता, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये 'विंडोज मेल' नावाचं अख्खं फोल्डर चूप बसलेलं सापडलं होतं. डिलीट दाबल्यावर उत्तर आलं होतं: यासाठी 'ट्रस्टेड-इन्स्टॉलर'ची परवानगी घ्या.

नानांनी चष्मा पुसला. इतक्या खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हे गृहस्थ कोण?" वहीचं कोरं पान उघडत ते म्हणाले. "आणि यांची नेमणूक कुणी केली?"