गळतीचे जाणकार

गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी हा मुळात पाण्याशी झगडणारा माणूस. पाणी यायला हवं तिथे येत नाही आणि यायला नको तिथे हटकून येतं, या दोन तक्रारींवर त्याचं सगळं राजकारण चालतं. आमच्या सेक्रेटरींनी या झगड्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. ब्रिकबॅट कोबा, चायना मोझॅक, डांबराचा थर, सगळं तोंडपाठ. गळती कुठून होते हे शोधायचं नसतं, कोणाच्या फ्लॅटमधून होते हे ठरवायचं असतं, हे त्यांचं तत्त्व. ती त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटमधून होते, असं आजवर एकाही सर्वसाधारण सभेत सिद्ध झालेलं नाही.

असा माणूस स्वखुशीने समुद्राखाली जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण मुलगी-जावई त्यांना मालवणला घेऊन गेले, आणि मालवणला गेलेला माणूस हल्ली सिंधुदुर्ग किल्ला बघतो, सोलकढी पितो आणि स्कूबा करतो. किल्ल्याजवळ बोट उभी करतात, टबातला एक मास्क काढून तोंडावर चढवतात, पाठीवर सिलिंडर बांधतात. मागून एक पोरगा धरून ठेवतो आणि काही मीटर खाली मासे दाखवून आणतो. वर आल्यावर लोक माशांबद्दल बोलतात. सेक्रेटरी खारं पाणी नाकाडोळ्यांत घेऊन वर आले, बोटीचा काठ धरला आणि म्हणाले, "लीकेज आहे."

त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्याच टबातला हाताला लागेल तो मास्क घातला होता. त्यात थेंब आला नाही. सेक्रेटरींनी परतीच्या प्रवासात त्यांची रीतसर उलटतपासणी घेतली. काच एक होती की दोन? कडेचं सिलिकॉन पारदर्शक की काळं? नाकाचा कप्पा किती रुंद?

"निळा होता," काकू म्हणाल्या. "आणि मासे पिवळे होते."

इथून पुढे सेक्रेटरी नवडायव्हर झाले. हा प्राणी आता पुण्या-मुंबईत, डोंबिवलीत, कुठेही भेटतो. पाण्याखाली त्याने घालवलेली मिनिटं मोजकी असतात, पण सामानाबद्दल तो तासन्‌तास बोलू शकतो. समुद्र पावसाळ्यात बंद असतो. मालवणच्या बोटी पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला लागतात त्या पावसाळा ओसरल्यावर पुन्हा निघतात. मधल्या महिन्यांत नवडायव्हरला अभ्यासाशिवाय काही करता येत नाही, आणि तेच त्याला मनापासून हवं असतं. सेक्रेटरींनी एक्सेल शीट उघडली. इतक्या रकान्यांची शीट त्यांनी पुनर्विकासाच्या बिल्डरांसाठीही केली नव्हती.

ज्ञान वाढलं की ते खजिनदाराला ऐकावं लागतं, आणि खजिनदार मी आहे. खेळाच्या सामानाच्या दुकानात विक्रेत्याने त्यांच्यापुढे पोहण्याचा गॉगल ठेवला, तेव्हा मी सोबत होतो. सेक्रेटरींनी त्याचा तिथेच वर्ग घेतला. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. गॉगलमधली हवा आक्रसते, तिच्यात भर घालायची सोय नाही, मग गॉगल डोळ्यांना ओढून धरतो आणि डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मास्कमध्ये नाकही आत असतं ते एवढ्यासाठी, नाकातून थोडी हवा सोडली की हिशेब जुळला. विक्रेत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग टोपी दाखवू?"

पहिला मास्क घरपोच आला. परीक्षा सोपी असते, असं सेक्रेटरींच्या वाचनात होतं: पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडायचे. चिकटून राहिला की माप बसलं. तो राहिला. दुसराही राहिला. तिसरा तोंडाला तसाच लटकवून त्यांनी गॅसवाल्याला दार उघडलं. प्रत्यक्षात जोरात श्वास ओढला तर मास्क कोणाच्याही तोंडाला चिकटतो. सेक्रेटरी गच्चीला डांबर ओतायचे त्याच जोमाने श्वास ओढत होते. मग बाथरूममध्ये बालदी भरायची, पट्टा लावून तोंड बुडवायचं आणि आतून ओरडायचं, "आलं!" वरच्या कडेकडून, म्हणजे वरच्या मजल्यावरून, असं त्यांचं प्राथमिक निदान होतं. उपाय म्हणून त्यांनी पट्टा आवळला. पट्टा जितका आवळावा तितकी सिलिकॉनची कड दुमडते आणि पाण्याला नवी वाट मिळते, पण हे एक्सेलमध्ये नव्हतं. त्या पावसाळ्यात सेक्रेटरींच्या कपाळावर कायम एक लाल कमान असे. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी वहिनी छतातून ठिबकणाऱ्या पाण्याची तक्रार घेऊन आल्या, कमान पाहिली आणि काही न बोलता परत गेल्या.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून येतानाच एक अदृश्य थर असतो, त्याने काच धुरकट होते. तो पांढऱ्या टूथपेस्टने घासून काढायचा, जेल चालत नाही. इथवर काकूंची हरकत नव्हती. पण घासल्यावरही पाण्यात उतरण्याआधी काचेवर आतून थुंकायचं, बोटाने पसरायचं आणि खळबळून टाकायचं, ही जगभरच्या डायव्हर लोकांची रीत आहे. आमच्या जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून सर्व धर्मांच्या देवादिकांच्या टाइल्स सेक्रेटरींनी स्वतः उभं राहून बसवून घेतल्या आहेत. तेच सेक्रेटरी बेसिनशी उभे राहून काही हजारांच्या वस्तूत थुंकताना मी पाहिले. त्यांनी मला पाहिलं. कार्यवृत्तात याची नोंद नाही.

दिवाळीनंतर ते तारकर्लीला गेले. तिथे एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेला खोल तलाव आहे. मला बरोबर नेलं होतं ते साक्षीदार म्हणून. सेक्रेटरींनी सगळे मास्क काठावर ओळीने मांडले आणि शिकवणाऱ्या मुलाला प्रत्येकाचा दोष सांगितला. त्यातला सर्वांत महागडा अंदमानला नेहमी जाणाऱ्या एका मित्राने छातीठोकपणे सुचवला होता. मुलगा मालवणचाच. त्याने शांतपणे ऐकलं.

"काका, दुसऱ्याची कवळी बरी बसता म्हणान आपल्या तोंडात बसतली काय?"

मग त्याने सेक्रेटरींना आकाशाकडे तोंड करायला लावलं, मास्क नुसता वर ठेवला, श्वास ओढू दिला नाही, आणि कडेने बोट फिरवत फट कुठे दिसते ते पाहिलं. त्यानंतर हवा घ्यायची नळी दातांत धरायला दिली आणि पुन्हा पाहिलं. नळी चावली की गाल ओढले जातात, ओठ वर येतो आणि कोरड्यात चपखल बसलेला मास्क तिथेच दगा देतो. सेक्रेटरी हे सगळं डोळे मिटून सोसत होते. एकापाठोपाठ एक मास्क बाजूला गेले. शेवटी मुलाने केंद्राच्या फळीवरचा एक जुना मास्क लावून पाहिला आणि नाकाखाली बोट ठेवलं.

"मास्क बरो आसा, काका. मिशी आड येता."

शांतता पसरली. सेक्रेटरींची मिशी ही सोसायटीच्या उपविधींइतकीच जुनी आहे. मुलगा म्हणाला, सगळी काढायची गरज नाही, नाकाखालची एक पट्टी मोकळी केली की सिलिकॉनला कातडी मिळेल. काही लोक व्हॅसलीन फासतात, पण पेट्रोलियमच्या पदार्थाने सिलिकॉन खराब होतं, लावायचंच तर सिलिकॉनचं ग्रीस लावा. सेक्रेटरींनी विचारलं, "दुसरं काही कारण असू शकत नाही का?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. एरवी तो त्यांना विचारला जातो.

मालवणच्या बाजारातल्या सलूनमध्ये त्यांनी न्हाव्याला मिलिमीटरमध्ये सूचना दिल्या. मिशी ओठाला धरून राहिली, नाकाशी तिचा संबंध तुटला. मास्क ठरला तो केंद्राच्या फळीवरच्या त्या जुन्या मास्कसारखा नवा: दोन काचांचा, साध्या किमतीचा, पट्टा गुलाबी. दोन काचांचा फायदा असा की चष्म्याच्या नंबराच्या काचा त्यात बसवता येतात. चष्म्याच्या दांड्या मास्कखालून काढल्या तर तिथेच फट पडते. पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, हेही त्यांना ठाऊक आहे. मालवणच्या माशांचं वर्णन करताना ती वजावट मात्र ते करत नाहीत.

आणि एवढं करून तलावात पहिल्याच दिवशी मुलाने त्यांना मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायला लावलं. वरची कड दाबायची, मान वर करायची, नाकाने फुंकून पाणी बाहेर घालवायचं, हा अभ्यासक्रमाचाच भाग. पुढच्या पायरीला तर मास्क अख्खा काढून पाण्याखालीच परत घालायचा. सेक्रेटरी काठाशी आले. एवढा खर्च करून पाणी आत येणारच असेल, तर या खर्चाला मंजुरी कोणी दिली, असा त्यांचा सूर होता. मुलगा म्हणाला, "थोडा पाणी येतलाच, काका. इला तर काढूचा." सेक्रेटरींनी हे वाक्य मनात दोनदा म्हटलं असावं. जोशी वहिनींना गेल्या महिन्यात त्यांनी तेच ऐकवलं, शुद्ध मराठीत.

समुद्रातल्या डाइव्हचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्यांच्या बॅचची तरुण मुलं कॅमेरा पाहून हसतात. हसलं की नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडते आणि मास्क तिथूनच गळतो. प्रत्येकाचं अर्धं डाइव्ह मास्कमधलं पाणी काढण्यात जाताना दिसतं. सेक्रेटरी आजवर एकाही सभेत हसलेले नाहीत, आणि दहा मीटर खालीही हसले नाहीत. मास्क अखेरपर्यंत कोरडा. समोर एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा कपारीतून अर्धा बाहेर थांबलेला आहे, आणि सेक्रेटरी दोन बोटांनी त्याला आत हो, आत हो, म्हणून खुणावत आहेत.