राखेचा विमा विकणाऱ्यांस

केफ्लाविक विमानतळावर भाड्याने गाड्या देणाऱ्या समस्त काउंटरचालकांस,



दोन विमाने बदलून पेंगुळलेला पाहुणा आइसलँडमध्ये उतरतो आणि आपण त्याच्यापुढे जादा विम्याची यादी सरकवता. टक्कर, चोरी, खडी, वाळू, राख! मागे रांग खोळंबलेली, मुले भुकेजलेली. मुहूर्त अचूक साधता.

राख खोटी नव्हे. एप्रिल २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल हा ज्वालामुखी उसळला (हे नाव उच्चारताना होणाऱ्या इजेचा विमा आपण अजून काढलेला नाही, याची नोंद घ्यावी) आणि युरोपभरची विमाने खिळून बसली. वाळूही खरीच. दक्षिणेकडच्या म्यिर्दाल्ससांदुरच्या काळ्या मैदानात वारा पिसाळला, की गाडीचा रंग पॉलिशपेपरने घासल्यासारखा उडतो. वादळी हवामानात तिकडे जाणाऱ्याने हा विमा घेतला, तर त्याला कुणी भित्रा म्हणणार नाही.

चोरीचे मात्र नवल वाटते. जेमतेम चार लाख वस्तीचे बेट, चहूकडे समुद्र आणि डेन्मार्ककडे गाड्या नेणारी बोट आठवड्यातून एकदाच! चोर गाडी घेऊन जाणार कुठे?

खडीचे गणित रस्त्यावर अवलंबून आहे. बेटाला वळसा घालणारा सुमारे १,३०० किलोमीटरचा रिंगरोड २०१९ मध्ये पूर्ण डांबरी झाला. तेवढाच फिरणाऱ्याने थोडे थांबून विचार करावा. वायव्येकडच्या वेस्टफ्योर्ड्समध्ये मात्र कच्चे रस्ते अजून पुष्कळ आहेत. समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकाखालचा एक खडा पुढची काच तडकवायला पुरतो, म्हणून तिकडे जाणाऱ्याने खडीचे पैसे बिनतक्रार मोजावेत.

थर्ड पार्टी विमा भाड्यात असतोच. टकरीचे संरक्षण, म्हणजे आपले सीडीडब्ल्यू, तेही बहुधा असते; फक्त नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा पाहुण्याच्या खिशातून जातो. जादा पैसे घेऊन आपण तो आकडा खाली आणता. तो आकडा सोसण्याजोगा आहे का, एवढाच खरा प्रश्न. आपण तो सोडून बाकी सगळे बोलता. काही क्रेडिट कार्डांवर हे संरक्षण आधीच मिळते, पण बहुधा पूर्ण भाडे त्याच कार्डावर भरले आणि काउंटरवरचे सीडीडब्ल्यू नाकारले तरच. ही अट घरीच वाचून आलेला पाहुणा आपल्याला फारसा आवडत नसावा.

आता मुद्द्याची तक्रार. वाऱ्याने दार उलटे फिरवून बिजागरीतून उखडले, नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरले किंवा गाडीचा तळ दगडावर घासला, तर एवढे सगळे विमे घेऊनही भरपाई बहुधा मिळत नाही. आइसलँडमधली ही नेहमीची संकटे, आणि त्यांचा उल्लेख कराराच्या मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात!

तरी विनंती अशी, की काय भरून मिळणार नाही याची यादी पहिल्या पानावर, दराच्याच टायपात छापावी. पाहुण्याने सही त्यानंतर करावी.

कळावे.