जावयाला दुसरी हळद

परभणीहून वसमतला जाताना वाटेत झिरो फाटा लागतो. "मग वन फाटा कुठंय?" चिरंजीवांनी विचारलं. एसटीतल्या एका आजोबांनी अत्यंत गंभीरपणे उत्तर दिलं, "ते अजून मंजूर नाही झालं बाळा." हिंगोली जिल्हाच मुळी १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला. इथल्या माणसाचा मंजुरीवर विश्वास आहे, घाईवर नाही.

शनिवार-रविवारची ही सासुरवाडी मेव्हण्याच्या फोनमुळे घडली. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गांवरचे पत्रे वादळात उडाले होते. नव्या पत्र्यांसाठी गावानं टेनिस बॉल क्रिकेटचा सामना ठेवला होता, गावकरी विरुद्ध जावई. "दाजी, तुम्हाला कुठं खेळायचंय? नुसतं उभं राहायचं," तो म्हणाला. जावईच का, ते गावी पोचल्यावर कळलं. गावकऱ्याकडे वर्गणी मागितली की तो पाऊस, पीक आणि बाजारभाव सांगतो. जावयाला सासऱ्यासमोर यातलं काहीच सांगता येत नाही.

शनिवारी औंढा नागनाथ झालं. ज्योतिर्लिंगाचा गाभारा जमिनीखाली, आणि खाली उतरायची वाट इतकी अरुंद, की सकाळी सासूबाईंनी आग्रहानं वाढलेल्या धपाट्यांचा हिशोब तिथेच द्यावा लागतो. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, तर अख्खं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी इथली आख्यायिका. नंदी तेवढा मागेच राहिला. सासरे नंदीकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "याला कोणी सांगितलंच नसंल."

तिथून मेव्हण्यानं गाडी दुधाळ्याकडे वळवली. लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा याच तालुक्यात उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू असणार, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचालही यंत्राला कळणार, हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आडत्याच्या काट्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या.

रविवारी सामना. दिवस हळदीचे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन मिळालं म्हणून सपाट जागा काही वाढत नाही. रानातून काढलेली हळद कुकरमध्ये वाफेवर शिजवायची, उन्हात वाळवायची आणि मग ड्रममध्ये पॉलिश करायची. वाळवायला गावात सपाट पटांगण एकच, आणि क्रिकेटलाही तेच. त्यामुळे एका बाजूची सीमारेषा फक्कीची होती, उरलेल्या तीन बाजूंची हळदीची. नियम सोपे होते. बॉल हळदीत गेला तर दोन रन, हळदीवर पाय पडला तर शंभर रुपये दंड, शाळेला जमा. पलीकडेच पॉलिशचा ड्रम धडधडत होता आणि त्याची पिवळी धूळ वाऱ्यानं सरळ मैदानात येत होती. तासाभरात आमचे पांढरे सदरे पिवळे झाले. बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "जावयांना दुसऱ्यांदा हळद लागली गं!" माझी बायको सगळ्यात मोठ्यानं हसली.

खरा सामना मात्र माइकवर चालू होता. कॉमेंट्रीला शाळेतलेच गुरुजी होते. बॉलर पळत निघाला की ते ओरडायचे, "थांबा, थांबा! बॉलरनं जागेवर थांबावं. कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ एकशे एक रुपये आलेले आहेत. टाळ्या!" बॉलर अर्ध्या वाटेत थांबायचा, टाळ्या वाजवायचा आणि पुन्हा मागे जायचा. चौकाराला पैसे, झेल सोडला तरी उत्तेजनार्थ पैसे. एक जावई पहिल्याच बॉलवर बाद झाला. हे पुन्हा सांगू नये म्हणून त्याच्या सासऱ्यांनी पाचशे एक दिले. गुरुजींनी ते कारणासह जाहीर केले.

मी बॅटिंगला गेलो तेव्हा मी धावलो, समोरचा साडू नाही धावला, आणि दोघंही एकाच टोकाला भेटलो. क्षेमकुशल विचारून झालं. पलीकडे स्टंप उडाले तेव्हा परत धावताना मी क्रीजपासून चांगला पाच पावलं लांब होतो. प्रोटॉनचा दहा हजारावा भाग मोजणारं यंत्र ज्या जिल्ह्यात बसतंय, तिथल्या पंचांना ही पाच पावलं दिसली नाहीत. पंच आधी गुरुजींकडे बघायचे, मग स्टंपांकडे. गुरुजींनी वही चाळली आणि माइकवरच सांगितलं, "दाजींची वर्गणी अजून बाकी आहे." पंचांनी नाबाद दिलं. मेव्हणा सीमेवरून ओरडला, "दाजी, देऊन टाका आता, उन्हात किती वेळ उभं राहूलालाव!" मी दिले. पुढच्याच बॉलला, बॅट बॉलच्या जवळपासही नसताना, मला झेलबाद दिलं.

कोण जिंकलं ते कळलं नाही, कारण रन लिहिणारा पोरगा मधेच पॉलिशच्या ड्रमवर कामाला गेला. वर्गणीची वही मात्र पैशापैशापर्यंत चोख होती. दोन्ही संघांनी जिंकल्याचं धरून गुलाल उधळला. तो हळदीवर पडला म्हणून पुन्हा दंड झाला. संध्याकाळी पिठलं-भाकरीवर सासरे म्हणाले, "खेळ बरा झाला. पुढल्या साली शाळेची भिंत धरू."

जूनमध्ये शाळा भरायच्या आत दोन्ही वर्गांवर पत्रे बसले. हिंगोली जिल्ह्यात सासुरवाडी असणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये जाताना पांढरा सदरा नेऊ नये. आणि "सुटे नाहीत" ही सबब तर मुळीच नेऊ नये. पंचांच्या पाठीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो.