दिवेकर

रात्री नऊच्या सुमारास आमच्या सोसायटीत उजाडतं. कावळे ओरडतात, पहिल्या मजल्यावरच्या आजी कूस बदलून ‘दूध आलं का गं?’ विचारतात, आणि फाटकातून दिवेकरांची गाडी आत येते. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. गाडी दिसली की वॉचमन कपाळाशी हात नेतो. दिवेकरांची समजूत अशी, की तो सलाम करतो.

गाडी घेतली तेव्हा तिच्यात साधा हॅलोजन होता. अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. “हा देवघरात बरा,” म्हणत त्यांनी १००-९० चा बसवला. तो आठवडाभर झगझगला आणि जाताना होल्डर वितळवून गेला. मग आले एलईडी. ६००० केल्व्हिन, खोक्यावर छापलंय २०० वॅट. छापायला काय, शाईच लागते!

खरी मेख वॅटात नाहीच. हॅलोजनच्या बल्बात डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. उजेड वर उसळून समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये, म्हणून. मागचा रिफ्लेक्टरही त्या तारेची जागा धरूनच बेतलेला. तिथे दुसरं काही खुपसलं की उजेड वाट फुटेल तिकडे धावतो. हे मी त्यांना एकदा समजावलं.

“बघा! उजेड वाटीखाली झाकून ठेवतात लेकाचे!”

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं. मूळ गाडीत फेरफार चालत नाही.

“फेरफार कुठे? सुधारणा आहे ही.”

समोरचे लोक कळवळून डिपर मारतात, ती यांना दाद वाटते. कुणी ओरडलंच, तर बंद काचेतून यांना ‘कुठून बसवले?’ एवढंच ऐकू येतं.

परवा जेजुरीहून येताना त्यांच्याबरोबर दिवे घाट उतरत होतो. भुरभुर पाऊस, दाट धुकं. तो पांढराशुभ्र झोत धुक्यावर आपटून आमच्याच अंगावर परतत होता. दिवेकर काचेला नाक लावून म्हणाले, “काय लख्ख दिसतंय!”

“काय दिसतंय?”

“धुकं.”

तेवढ्यात वळणावरून एक जीप वर आली. टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एलईडीची पट्टी. दिवेकरांनी करकचून ब्रेक दाबला आणि त्यांचा उजवा हात आपसूक कपाळाशी गेला.

जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवून सलाम स्वीकारला.